ताराचंदभाऊंचे चार महिने

४ ऑगस्ट, सोमवार

ताराचंदभाऊंना आज काढलं. माझ्या आकड्यांवर काढलं.

रामदासपेठेतल्या ऑफिसात, मीटिंगच्या खोलीत. भिंतीवर माझा तक्ता. बुटीबोरीचं होस्टेल — कापड गिरणीत कामाला येणाऱ्या बायांसाठी पाच मजली इमारत, आमच्या कंपनीकडे काम आहे — आणि त्याच्या एप्रिल ते जुलैच्या चार ओळी. चारही लाल. एप्रिलपासून साइट ताराचंदभाऊंकडे. त्याआधी पंकज होता. त्याच्या सगळ्या ओळी हिरव्या.

कृष्णकांत सर, म्हणजे आमचे प्रोजेक्ट हेड, ओरडत नाहीत. पेनानं भिंतीकडे दाखवून म्हणाले, "चार महिन्यांत चोवीस टक्के काम व्हायला पाहिजे होतं. झालं चौदा. मजुरी मात्र पुरी लागली. हे काय होऊन राहिलं, ताराचंद?"

ताराचंदभाऊ उभेच होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "सर, माणसं रोज कामावर होती. मी होतो. काम झालं आहे, तुम्ही एकदा येऊन पाहून घ्या."

"पाहून काय करू? आकडे समोर आहेत."

मग ते माझ्याकडे वळले. अगदी हळू विचारलं, "मॅडम, आकडे बरोबर आहेत ना?"

मी म्हटलं, "हो."

त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला. चार घड्या घातलेला एक कागद अर्धा बाहेर काढला. माझ्याकडे पाहिलं आणि परत ठेवून दिला. दवाखान्याची चिठ्ठी असेल. शुगर आहे त्यांना.

मी लॅपटॉपची वायर गुंडाळत बसले. एवढीशी वायर, किती वेळ गुंडाळावी माणसानं! मान वर केली तेव्हा ते गेले होते.

५ ऑगस्ट

डबा तसाच परत आणला. बाबांना सांगितलं, ऑफिसात कोणाचा तरी वाढदिवस होता. आता घरीही सुरू झालं माझं.

७ ऑगस्ट, गुरुवार

लिहून टाकते. इथे तरी.

माझं काम काय? दर महिन्याच्या शेवटी तीन गोष्टी सांगायच्या. ठरलं होतं किती, झालं किती, खर्च लागला किती. झालेल्याला ठरलेल्यानं भागलं की वेळेचा आकडा निघतो. झालेल्याला लागलेल्या खर्चानं भागलं की खर्चाचा. एकच्या वर असलं तर ठीक. ०.९५ च्या खाली गेलं की ओळ आपोआप लाल होते, आणि लाल ओळ घेऊन प्लानिंगवाल्यानं सगळ्यांसमोर उभं राहायचं असतं.

फेब्रुवारीत होस्टेल मागे पडलं होतं. प्लास्टरचे मिस्त्री गावी गेले ते आलेच नाहीत. टाइल्स, दारं, बाथरूमचे पाइप मात्र येऊन पडले होते. मी ते सामान 'बसवलं' म्हणून भरलं. खोके तळमजल्यावर, वरचं प्लास्टिकही काढलेलं नाही, आणि माझ्या तक्त्यात तिसऱ्या मजल्यावर फरशी बसून पुसून तयार. मार्चमध्ये तेच पुन्हा केलं. दारांचं, प्लास्टरचं. एकदा केलं की दुसऱ्यांदा हात अडत नाही.

मार्चअखेर ठरलं होतं बासष्ट टक्के. खरं झालं होतं अठ्ठेचाळीस. मी दाखवलं एकसष्ट. ओळ हिरवी. पंकजचं कौतुक झालं, पगार वाढला, तो मोठ्या साइटवर गेला.

मला कोणी सांगितलं होतं का असं करायला? नाही. हेच लिहायला जड जातं. सरांनी दटावलं असतं तर त्यांच्या नावानं बोटं मोडली असती. कोणी काही म्हटलं नव्हतं. प्लानिंगमध्ये मी एकटीच बाई, जॉइन होऊन आठ महिने, आणि मला त्या खोलीत लाल ओळ घेऊन उभं राहायचं नव्हतं. बस एवढंच. वाटलं, काम होणारच आहे, पुढच्या महिन्यात बरोबर होऊन जाईल.

झालं बरोबर. ताराचंदभाऊंनी केलं. एप्रिलमध्ये त्यांनी तिसऱ्या मजल्यावर फरशी बसवली. माझ्या तक्त्यात ती फेब्रुवारीतच बसली होती, म्हणून त्यांच्या नावावर त्या कामाचं शून्य. मजुरी मात्र एप्रिलची, ती त्यांच्या नावावर. महिनाभर माणूस राबला आणि मी लिहिलं, काही केलं नाही. असे चार महिने.

लाज वाटते म्हणणं सोपं आहे. लाज वाटूनही आज दिवसभर मी दुसऱ्या साइटचे आकडे भरत होते.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीची सुट्टी. दार लावून घेतलं आणि होस्टेलचे सगळे महिने पुन्हा मांडले. हजेरीपट, स्टोअरमधून काय कधी निघालं त्याच्या नोंदी, माझ्या फोनमधले फोटो. ज्या दिवशी जे बसलं, त्या दिवशीच ते मोजलं.

जुलैअखेर काम पंच्याहत्तर टक्क्यांवर आहे. कागदावरही पंच्याहत्तर, इमारतीतही पंच्याहत्तर. फरक सुरुवातीचाच होता. अठ्ठेचाळीसवरून पंच्याहत्तर — म्हणजे ताराचंदभाऊंच्या चार महिन्यांत सत्तावीस टक्के काम झालं. ठरलं होतं चोवीस.

वेळेचा आकडा १.१२. आमच्या कंपनीत यंदा एकाही साइटचा एवढा नाही. त्याच माणसाला मी ०.५८ दाखवला आणि "हो" म्हटलं.

तीनदा भागाकार करून पाहिला. कुठेतरी चुकावा असं वाटत होतं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

साइटवर जावं लागलं. खापरीपर्यंत मेट्रो, पुढे कंपनीची गाडी. तिसऱ्या मजल्यावर गेले. फरशी इतकी नीट बसवली आहे की सांध्यात नख जात नाही. चौथ्या मजल्यावर दोन मिस्त्री होते, मला पाहून बोलायचे थांबले.

स्टोअर सांभाळणारा अमोल खाली भेटला. म्हणाला, "मॅडम, ताराचंदभाऊले कोणी घेऊन नाही राहिलं. बुटीबोरीत तीन ठिकाणी जाऊन आले. सगळे आपल्याच ऑफिसात फोन लावून विचारते, आणि ऑफिसवाले सांगते, चार महिने झोपून होता."

"कोण सांगतं असं?"

"कोण म्हणजे? तो तक्ताच वाचून दाखवते न, मॅडम."

पंचवीस वर्षं त्या माणसानं साइटी केल्या. त्यांचं नाव घेतलं की ठेकेदार डोळे मिटून माणसं पाठवायचे. आता माझा तक्ता वाचून दाखवतात.

अमोलनं चहा विचारला. मी घाई आहे म्हणून सांगितलं आणि गाडीत अर्धा तास ड्रायव्हरची वाट पाहत बसले.

१५ ऑगस्ट

ऑफिसात झेंडावंदन, मग संत्रा बर्फी. कृष्णकांत सर मुख्य ऑफिसच्या लोकांना म्हणाले, "ही आमची प्रियदर्शनी. माणूस पाहून आकडा बदलत नाही ही पोरगी."

मी बर्फी खाल्ली. थँक्यू सर म्हटलं. दोन्ही केलं.

१७ ऑगस्ट, रविवार

बाबा सकाळीच म्हणाले, "काहून वं, दहा दिवसांपासून तोंड पाडून हिंडून राहिली? कोणाशी भांडली का?"

खरं सांगायची हिंमत झाली नाही. तिसऱ्याचं म्हणून सांगितलं. ऑफिसात एकीनं न झालेलं काम आधीच झालं म्हणून लिहिलं, आणि मग पुढच्या माणसानं ते केलं तर त्याच्या नावावर काहीच लागलं नाही.

बाबा हसायला लागले. "म्हणजे तुया दोऱ्यावानी."

गोळीबार चौकातल्या या घरात तेव्हा माग होता. रोज संध्याकाळी काम थांबवताना बाबा विणलेल्या कापडाच्या काठाला लाल दोरा बांधायचे. कालच्या दोऱ्यापासून आजच्या दोऱ्यापर्यंत आजचा दिवस. शनिवारी विणकर सोसायटीचा माणूस येऊन दोरे पाहून जायचा. मी सात-आठ वर्षांची असेन. एकदा बाबा चहाला उठले आणि मी एक लाल दोरा हातभर पुढे, ताण्याच्या अजून न विणलेल्या उभ्या दोऱ्यांवर, बांधून ठेवला. बाबांचं काम जास्त दिसावं म्हणून. आई होती तोवर ही गोष्ट पाहुण्यांना सांगून सगळे हसायचे. मला तेवढीच माहीत होती.

पुढचं आज ऐकलं. "अवं, तो दोरा सकाळी मागाच्या फणीत अडकला. पंधरा-वीस तार तटातट तुटले. एक-एक जोडता जोडता दुपार झाली. त्या दिवशी वीतभर कापड नाही झालं. अन् नेमका शनिवार! सोसायटीवाला म्हणे, बाबनराव, हात चालला नाही का आज?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"काय सांगतो? म्हटलं, अंग दुखून राहिलं होतं."

"माझं नाव काहून नाही सांगितलं?"

"लेकरानं मायेनं बांधला होता. त्याले काय सांगायचं."

मायेनं! बाबा मोतीबिंदूचा चष्मा पुसत बसले आणि मी भाजी चिरायला उठून गेले. फेब्रुवारीत मी तो दोरा मायेनं बांधला नव्हता. बाबांना हे कसं सांगू?

१९ ऑगस्ट, मंगळवार

सरांना मेल लिहायला घेतला. पाच वेळा. पहिल्यात "मी खोटे आकडे भरले" असं लिहिलं होतं. ते खोडलं. मग "आकडे फुगवले गेले" — कोणी फुगवले, भुतानं? तेही खोडलं. शेवटी "फेब्रुवारी व मार्चमध्ये साइटवर आलेलं सामान नजरचुकीनं पूर्ण झालेल्या कामात धरलं गेलं" इथे येऊन थांबले.

नजरचूक. बरा शब्द आहे. कोणालाही होते.

२० ऑगस्ट

पाठवला मेल. सोबत नवा तक्ता, ताराचंदभाऊंच्या चारही ओळी हिरव्या. "नजरचूक" तशीच राहिली.

 चार ऑगस्टनंतर पहिल्यांदा पोटभर जेवले.

२३ ऑगस्ट, शनिवार

आज मारबत. सकाळपासून रस्त्यावर मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक, ढोल आणि गर्दी. बाबा खुर्ची टाकून दारात बसले होते. लोक आपापल्या पीडेचं नाव घेऊन ओरडत होते — महागाई घेऊन जा गे मारबत, खोकला घेऊन जा गे मारबत. बाबा मला म्हणाले, "तुयं काही असन तर तूही ओरडून घे. फुकट आहे."

त्याच गोंगाटात कृष्णकांत सरांचा फोन. आत स्वयंपाकघरात जाऊन घेतला.

सर चिडले नव्हते, ते बरं नव्हतं. म्हणाले, "प्रियदर्शनी, दया आली का तुला त्याची? येते. पण असं करायचं नसतं. मार्चचं काम मोजलं कोणी? पंकज म्हणतो, तो गेला तेव्हा सगळं झालेलं होतं. तुझे फोटो कोणत्या मजल्याचे, कोण ठरवणार? त्या वेळचं, हातानं घेतलेलं माप दाखव. मंगळवारपर्यंत. गणपतीनंतर नवीन माणसाची ऑर्डर निघून जाईल, मग ताराचंदचं नाव माझ्यापुढे आणू नको."

मी सांगितलं, तसं माप कोणी घेतलेलं नाही, सर.

म्हणजे सहा महिने खोटं लिहिलं ते सगळ्यांना पटलं, आणि एक दिवस खरं लिहिलं तर पुरावा लागतो. कोणाला दोष देऊ? मीच शिकवलं त्यांना तक्त्यावर भरवसा ठेवायला.

२५ ऑगस्ट, सोमवार

अर्धी सुट्टी टाकून दिघोरीला गेले, ताराचंदभाऊंच्या घरी. माफी मागावी, आणि उगाच विचारून पाहावं, एप्रिलचं काही आहे का.

दोन खोल्या. दारात त्यांची स्कूटर, साइटचं हेल्मेट अजून आरशाला लटकलेलं. गोपिकाबाई, त्यांची बायको, माझं नाव ऐकून आत निघून गेल्या. चहा मात्र आणला. कप ठेवताना म्हणाल्या, "भर दुपारी हा माणूस घरी असते, हे लग्नापासून पह्यल्यांदा पाहून राहिली मी."

मी म्हटलं, "भाऊ, माझी चूक झाली. मेल केला आहे सरांना."

"मालूम आहे. अमोलचा फोन आलता."

"ते त्या वेळचं माप मागतात. एप्रिलचं."

 ताराचंदभाऊ उठले, खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून कागद काढला. तोच, चार घड्यांचा. घामानं घड्यांवर पिवळा पडलेला. साइट ताब्यात घेतली त्या आठवड्यात त्यांनी मजला-मजला फिरून लिहिलेली यादी. तिसरा मजला — फरशी बसलेली नाही, टाइल्स खोक्यात. चौथा मजला — आतलं प्लास्टर दोन खोल्यांत. दारं — सगळी खाली ठेवून आहेत, एकही लागलं नाही. खाली त्यांची सही आणि तारीख. त्यांनी पुढच्या चार महिन्यांत केलेलं सगळं काम होतं त्या कागदात.

"त्या दिवशी काहून नाही दाखवला, भाऊ?"

"दाखवणार होतो. अगोदर तुम्हाले विचारलं न. म्हटलं, पोरगी स्वतःच सांगून टाकन. तुम्ही हो म्हणून बसल्या. मग त्यावर कागद काढणं म्हणजे दहा माणसांत तुम्हाले उघडं पाडणं. ते नाही झालं माह्याच्यानं." मग म्हणाले, "राग नव्हता असं नाही. खूप होता. अजून आहे."

 मी मान हलवली.

"घेऊन जा. झेरॉक्स नाही माह्यापाशी, एकच आहे. तुम्हाले जे करायचं ते करा. नजरचूक म्हटलं आहे तुम्ही, अमोल सांगत होता. तर तसंच राहू द्या, पुढची बाजू दाखवा फक्त."

दारापर्यंत गोपिकाबाई आल्या. "मागून बी पाह्यजा, मॅडम. यायले काही वाटत नाही, मले वाटते."

कागद पर्समध्ये ठेवला. तिथे उलटा केला नाही. ऑटोतही नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार

मागच्या बाजूला माझं अक्षर. एप्रिलमध्ये त्यांनी ही यादी मला पाठवली होती, ती मी असं लिहून परत केली होती. "ताराचंदजी, साइटवरून मापं पाठवू नका. किती काम झालं ते मी ठरवते. — प्रियदर्शनी, ४ एप्रिल."

हे विसरले होते असं लिहायला बसले होते. विसरले नव्हते. सरांना माप नाही म्हणून सांगितलं तेव्हा हाच कागद डोळ्यांसमोर होता. आणि चार ऑगस्टला इथे लिहिलं आहे, दवाखान्याची चिठ्ठी असेल. खोटं आहे ते. त्यांनी अर्धा बाहेर काढला तेव्हाच मी ओळखला होता. म्हणून तर वायर गुंडाळत बसले.

बाबांना सकाळी सगळं सांगितलं, या वेळी माझ्याच नावानं. 

मेल पुन्हा लिहिला. नजरचूक हा शब्द काढला. कागद स्कॅन केला, दोन्ही बाजू, आणि पाठवला.